साहेबांची मापं

टेलरमास्तरांचा वैरी वजनाने जेमतेम किलोभर होता, त्याला शेपूट नव्हतं, आणि तो दिवसभर गवत चघळत बसायचा. लेक लग्न होऊन गेली ती हा गिनीपिग मागे ठेवून. आता त्याला सात वर्षं झाली होती, म्हणजे त्याच्या जातीत तो पणजोबाच. मास्तर त्याला ‘साहेब’ म्हणत, टोमणा म्हणून. बायको ‘माझा राजा’ म्हणे, अगदी मनापासून. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांना मात्र ‘अहो’च्या पुढे बढती मिळाली नव्हती.

तिने फ्रिज उघडला की साहेब अशी शिट्टी मारत, की शेजारणीचा कुकर लाजून गप्प बसे. काकडी लगेच हजर! मास्तरांनीही एकदा शिट्टी मारून पाहिली, तर “दात हलतोय का?” एवढीच चौकशी झाली.

शेवटी मास्तरांनी शिंप्याला सुचेल तोच उपाय केला. दर रविवारी बायको अंघोळीला गेली, की ते साहेबांच्या पोटाला टेप लावायचे आणि मापांच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहायचे. शेजारी स्वतःच्या पोटाचा. या घरात कोण जास्त पोसलं जातंय, ते एक दिवस पुराव्यासकट दाखवायचं होतं.

तो दिवस उजाडायच्या आत साहेब लघवी करताना किंचाळायला लागले.

“मूत्राशयात हरभऱ्याएवढा खडा आहे,” डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. “ऑपरेशन करून काढता येईल. पण या वयात भूल सोसेलच असं नाही. वजन टिकून असेल तर मी धोका पत्करेन. आज नऊशे ग्रॅम भरलंय. आधी किती होतं?”

“एवढंच,” बायको डोळे पुसत म्हणाली. “पहिल्यापासून असाच गुटगुटीत आहे माझा राजा.”

“मग करूया?”

“अहो, तुम्ही सांगा. माझं डोकं चालत नाहीये.”

मास्तर टेबलाकडे बघत राहिले. साहेब केसांच्या भरात गुटगुटीतच दिसत होते. पण झब्बा फुगला म्हणून आतला माणूस जाड ठरत नाही, हे शिंप्याला कुणी सांगायला नको. वही खिशात होती. आपण नुसतं “करा” म्हणायचं. साहेब टेबलावरच गेले तरी दोष कुणाचाच नाही, आणि संध्याकाळपासून सगळी काकडी आपली. काकडीचं काय घेऊन बसलात, बायकोही आपली!

साहेबांनी मान वळवून बायकोचं बोट हुंगलं. मास्तरांच्या पोटात नेहमीसारखंच दुखलं. तरी हात खिशात गेलाच.

“चार महिन्यांपूर्वी पोटाचा घेर अकरा इंच होता,” ते वही पुढे करत पुटपुटले. “आता नऊ.”

डॉक्टरीणबाईंनी पान खालपर्यंत वाचलं. “दर आठवड्याला उतरतोय! नुसत्या खड्याचं काम नाही हे, आत आणखी काही बिघडलंय. बरं झालं दाखवलंत. या अंगावर भूल नको. दुखणं थांबायचं औषध देते. जितके दिवस आहेत तितके सुखात जाऊ देत.” मग चष्मा वर सरकला. “आणि शेजारचे हे अडतीस, एकोणचाळीस, चाळीस? हा दुसरा प्राणी कोणता?”

बायकोने वही ओढून घेतली. तिची नजर पानावरून नवऱ्याच्या पोटावर गेली आणि तिथेच थांबली.

“देवा रे! सात वर्षांच्या जिवाशी स्पर्धा?”

“स्पर्धा कसली. नोंद ठेवली.”

“माझ्या नकळत त्याला हात लावत होतात? आणि तो चावला नाही?”

“टेप लावला की डोळे मिटून पडायचा.”

तिने वही फटकन मिटली. दोघं घराच्या रस्त्याला लागले. औषधाचा पहिला डोस पोटात गेल्यावर साहेब मास्तरांच्या कोपरात तोंड खुपसून झोपले होते. बायको रिकामा पिंजरा घेऊन मागून येत होती.

“आणा इकडे त्याला.”

“झोपलाय.”

“माझ्याकडे कधी असा झोपला नाही मेला!”

“मेला कोण? तो की मी?”

“दोघंही!”

मास्तरांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घराचं दार आलं, तरी ते थांबले नाहीत.

“झोपमोड होईल गं त्याची,” ते पुढे चालत म्हणाले. “अजून एक फेरी मारून येतो.”