दोन नातवांचं औषध

बायनाबाईंना फसवणं म्हणजे मांजराच्या डोळ्यांदेखत दूध पिणं. तरी त्यांच्या धाकट्या सुनेने, शिवकन्येने, ते करून दाखवलं होतं. खोटं बोलायचं तर रेटून, या न्यायाने तिने एकदाच सांगून टाकलं, "आदिनाथ वजनाला कमी भरलाय. परभणीचे मोठे डॉक्टर त्याला ताकदीचं औषध द्यायलेत. फुकट हाय." फुकट म्हटल्यावर सासूने पुढे काही विचारलं नाही. दर महिन्याला लेकराला घेऊन पालमहून एसटीने परभणीला जायला शिवकन्येला मोकळीक मिळाली.

औषध ताकदीचं नव्हतं. आदिनाथ पोटात असताना सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि त्यात एचआयव्ही निघाला. मग नवऱ्याचं, बालाजीचं, तपासलं. त्याच्याही रक्तात निघाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून, खाली मान घालून तो म्हणाला, "लग्नाआधी ट्रकवर व्हतो, तवाचं असंल." एवढंच बोलला. शिवकन्येला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं, पण पोटात सातव्या महिन्याचं ओझं होतं आणि चारी बाजूंनी माणसं होती.

दोघांनी गोळ्या सुरू केल्या. गोळ्या न चुकता घेतल्या की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की आई लेकराला अंगावर पाजू शकते, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लेकराला म्हणून एक पातळ औषध होतं, रोज सकाळी मापाच्या पिचकारीने द्यायचं. ते औषध पहिले काही आठवडे पुरे, की आई पाजते तोवर चालूच ठेवायला हवं, यावर परभणीत एक संशोधन चाललं होतं. त्यात आलेल्या बायकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. शिवकन्या दुसऱ्या गटात निघाली, म्हणजे अंगावर पाजते तोवर औषध. तिथल्या समुपदेशक संघप्रियाताईंनी सगळं दोनदा वाचून दाखवलं आणि वर सांगितलं, "नको वाटलं तर कधीही बाहेर पडा, उपचार बंद होणार नाहीत." शिवकन्येला बाहेर पडायचंच नव्हतं. राखणीला एकाच्या जागी दोघे असलेले बरे, असा तिचा साधा हिशोब.

भीती होती ती घरची. तिच्या माहेरच्या गावात अशा एका बाईचं ताट गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. नवरा आधी गेला, तरी गाव म्हणालं, हिनंच आणलं. रोग घरात कोणीही आणो, नाव सुनेचंच होतं, हे शिवकन्येने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून घरात फक्त तिला आणि बालाजीला, दोघांनाच ठाऊक. बालाजी सध्या ऊसतोडणीच्या यंत्रावर चालक होता, हंगामभर गावोगाव. म्हणजे घरात ते ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर.

आता बायनाबाईंचं सांगायला हवं. नवऱ्यामागे या बाईने दोन मुलगे वाढवले, शेत राखलं आणि उभ्या आयुष्यात उजवं-डावं केलं नाही. थोरल्या सुनेला, राजनंदिनीला, जसं लुगडं तसंच शिवकन्येला. भांडण झालं तरी शिव्या दोघींना सारख्या. योगायोगाने दोघींना पोरंही महिन्याच्या अंतराने झाली. थोरलीच्या पोराला आजोबाचं नाव ठेवलं, सिताराम. बायनाबाई रोज सकाळी न्हाणीत पाय पसरून बसत, दोघांना एकामागून एक पायांवर घेऊन चोळून न्हाऊ घालत आणि मग एकाच सहाणेवर घुटी उगाळून दोघांना चाटवत. वेखंडाचे दोन वेढे एकाला, तर दोनच दुसऱ्याला. तिथे मोजमापात चूक व्हायची नाही.

आदिनाथ भरत चालला होता. सिताराम मात्र तसाच, काटकुळा. बायनाबाई न्हाऊ घालताना एकाच्या मांड्या बघत, मग दुसऱ्याच्या बघत.

मागच्या खेपेला परभणीत संघप्रियाताईंनी बाटली हातात घेऊन पाहिली. तिथे जुनी बाटली परत न्यावी लागे, उरलेलं औषध ते मापून घेत.

"शिवकन्या, लवकर सरलं की. सांडलं का?"

"सांडलं असंल," शिवकन्या म्हणाली. सांडलं तर नव्हतं. ती रोज खुणेपर्यंतच पिचकारी भरत होती. एसटीत बसल्यावर तिने स्वतःलाच दोष दिला, घाईत आपला हात जास्त जात असेल. नवऱ्याने फसवल्यावर बाई आधी स्वतःवरचाच भरवसा घालवून बसते, तशातली गत.

पुढच्या आठवड्यात सितारामच्या अंगावर लाल पुरळ उठलं. आधी पोटावर, मग गालांवर. अंग तापलं. बायनाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि निकाल दिला, "गोवर निघालाय. आईचं हाय हे." झालं. दाराला लिंबाचा डहाळा लागला, चुलीवर फोडणी बंद झाली, राजनंदिनीला पोरासकट आतल्या खोलीत बसवलं. देवीआई घरात आलेली असताना दवाखाना नाही, औषध नाही आणि लेकराला गावच्या शिवेबाहेर न्यायचं नाही. राजनंदिनी पोराला लिंबाच्या पाल्यावर घेऊन रडत बसली. तिचा नवरा बन्सीधर दारात उभा राहून बायनाबाईंकडे बघत होता. त्यांच्या शब्दापुढे जायची त्याची रीत नव्हती.

सकाळी आदिनाथला औषध द्यायचं म्हणून शिवकन्येने फडताळात हात घातला, तर बाटली जागेवर नाही. ती न्हाणीत गेली. सहाणेशेजारी बाटली होती आणि बाटलीशेजारी चमचा.

"आत्याबाई, हे इथं कसं?"

बायनाबाई लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्याच. "मीच आणलंय. सितारामला बी देते घुटीत कालवून. पंधरा दिस झाले असतील. तुझं पोरगं गुटगुटीत व्हायलंय, अन् त्या लेकरानं काय पाप केलंय? तुला मागितलं असतं तर तू दिलं नसतंस."

"किती देत व्हता?"

"चमचा. सवयीनं आणलं, पण आज न्हाई दिलं. आईचं असताना औषध चालत न्हाई."

शिवकन्येच्या पिचकारीतलं माप चमच्याच्या पावही भरलं नसतं. तिनेच खोटं सांगितलं होतं की हे ताकदीचं आहे. मग ताकदीचं औषध एका नातवाला आणि दुसऱ्याला नाही, हे बायनाबाई कशा चालू देतील? दुसरी एखादी सासू असती तर आपल्या लाडक्याचं तेवढं बघितलं असतं. या घरात लाडकं कोणी नव्हतं, तिथेच घात झाला.

ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. सितारामचे डोळे लाल होते. तोंड आलं होतं, ओठांच्या आत पांढरे चट्टे. दूध तोंडात घेऊन तो किंचाळत होता. पहिल्याच दिवशी संघप्रियाताईंनी बजावलेलं तिला चांगलं आठवत होतं. या औषधाने क्वचित कुणाला पुरळ येतं, आणि पुरळासोबत ताप नि तोंड आलं तर एक दिवसही थांबायचं नाही.

आणि तरी तिच्या मनात आलं, की आता औषध बंदच आहे, आपोआप उतरेल. कुणाला काही कळणार नाही. बाटली लपवली की झालं. हा विचार तिने पुरता केला, अर्धवट नाही. मग पोर पुन्हा किंचाळलं आणि तिने गोठ्याआड जाऊन फोन लावला.

"आत्ता निघा," संघप्रियाताई म्हणाल्या. "बाटली सोबत आणा. मी मोठ्या दवाखान्याच्या दारात थांबते. डॉक्टरांना औषधाचं नाव मी बाजूला घेऊन सांगेन. घरात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण लेकरू आलं पाहिजे."

शिवकन्येने अर्धं खरं सांगून पाहिलं. "आत्याबाई, हा गोवर न्हाई. औषध सोसलं न्हाई त्याला. परभणीला न्यावं लागंल."

"ताकदीचं औषध सोसंना व्हय? तुझं पोरगं तर कधीपसून प्यायलंय. त्याला काय झालं?" बायनाबाई लिंबाचा पाला निवडत म्हणाल्या. "आईचा कोप घेऊ नको घरावर. शीव ओलांडायची न्हाई म्हणजे न्हाई."

खोटं इतकं चांगलं बसलं होतं की आता हलत नव्हतं. शिवकन्येने सासूचा हात धरला, आजवर कधी धरला नव्हता, आणि तिला गोठ्याच्या मागे नेलं.

"ते ताकदीचं औषध न्हाई," ती म्हणाली. "मला एचआयव्ही हाय. माझ्या दुधातून आदिनाथला लागू नये म्हणून ते देत्यात. मी बी गोळ्या घेते. मी तुमाला खोटं सांगितलं."

बायनाबाईंचा हात तिच्या हातातून सुटला. त्यांनी सोडवून घेतला की आपसूक सुटला, हे शिवकन्येला कळलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आता गोठाच आपला, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"मग त्या औषधातनं सितारामला लागलाय का तो रोग?"

"न्हाई. औषधातनं रोग लागत न्हाई. पण त्याच्या अंगाला ते सोसंना. उशीर केला तर जिवावर बेतंल."

बायनाबाई वळल्या. दारापाशी जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने लिंबाचा डहाळा सोडला. "बन्सीधर, आश्रुबाची जीप बोलाव. परभणीला जायचंय." बन्सीधर काही विचारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आई काय म्हणंल ते मी बघते."

जीप गंगाखेडच्या रस्त्याला लागली. बायनाबाईंनी सितारामला मांडीवर घेतलं होतं. आदिनाथकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि शिवकन्येने ते पाहिलं.

दवाखान्यात संघप्रियाताई दारातच होत्या. डॉक्टरांनी लेकराला लगेच आत घेतलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. राजनंदिनीने विचारलं, "असं काय दिलं व्हतं माझ्या लेकराला?" आणि तिची नजर शिवकन्येच्या हातातल्या बाटलीवर गेली. शिवकन्येने तोंड उघडलं.

"मी दिलं," बायनाबाई मध्येच बोलल्या. "हिचं नाव घेऊ नको. आदिनाथचं औषध व्हतं, डॉक्टरनं त्याच्यापुरतं लिहून दिलेलं. मी न विचारता उचललं. माझी अक्कल गेली व्हती चरायला." आयुष्यात पहिल्यांदाच सासूने चूक कबूल केलेली ऐकून राजनंदिनी पुढचं विचारायचंच विसरली.

दिवस कलताना ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, यकृताला धक्का नाही, पण काही दिवस इथेच ठेवू. झाला प्रकार संशोधनात नोंदवावा लागेल, नावाशिवाय, असं संघप्रियाताईंनी शिवकन्येला सांगितलं. पुढच्या बायकांना औषधाची बाटली देताना घरातल्या दुसऱ्या लेकरांचंही विचारायला हवं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

शिवकन्या व्हरांड्यात आदिनाथला घेऊन बसली होती. बायनाबाई बाहेर आल्या आणि दोन हात अंतर सोडून बसल्या.

"बालाजीला बी हाय का?"

"हाय. गोळ्या घेत्यात ते."

"गोळ्या घेतल्यावर जगतं का माणूस?"

"जगतं. म्हातारं होईस्तोवर."

बायनाबाईंनी मान हलवली. शिवकन्येला ठाऊक होतं आता काय येणार. हा प्रश्न कधी ना कधी येणार म्हणून तिने उत्तर किती महिने घोटून ठेवलं होतं. तुमच्या लेकापासून. एवढंच म्हणायचं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. तिच्याजवळचं खरं म्हणून तेवढंच होतं.

"कोणापासून कोणाला लागला, ते मला सांगू नको," बायनाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई..."

"सांगू नको म्हणलं ना. कळलं तर एकाचं तोंड बघवणार न्हाई मला. अन् मला दोघंबी लागतेत."

शिवकन्येला राग आला, असा की कानशिलं तापली. आत्याबाईंना उत्तर माहीत होतं. लेक ट्रकवरून महिना-महिना घरी येत नव्हता, ते काय त्यांनी पाहिलं नव्हतं? त्या लेकाला वाचवत होत्या. आणि त्याच एका वाक्यात त्यांनी तिचं ताट घरात ठेवलं होतं, हेही तिला कळत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्यातलं एक टाकून दुसरं घेता येत नव्हतं. घोटून ठेवलेले ते शब्द तिने गिळले. ते फार सावकाश खाली गेले.

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

आदिनाथ कुरकुरायला लागला. बायनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सरकून जवळ आल्या आणि हात पुढे केले.

"सकाळपासून औषध द्यायचं राहिलंय ना ह्याचं? आण इकडं. मी धरते, तू माप घे."