‘हो’ म्हणणाऱ्यांची खोली

आई गेल्यावर “आता हिचं कोण करणार?” हा प्रश्न ज्या घरात पडतो, तिथे तो कुणी मोठ्याने विचारत नाही. दाराआड कुजबुजत विचारतात. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका भावाच्या घरातही तसंच झालं. त्याच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची, समज लहानपणापासून संथ. चपला उलट्या घाली, घड्याळ तिला कळत नसे. पण काय नको, ते मात्र पक्कं कळे. आंघोळ? नाही! हा झगा? नाही! आई होती तोवर ते ‘नाही’ हसण्यावारी जाई. आई गेली आणि भावाच्या नाकी नऊ आले. दिवसभर गिऱ्हाइकांना “आता दिसतंय का?” विचारून घरी आलेला हा गृहस्थ ताईकडे मात्र बघेनासा झाला. तिने ‘नाही’ म्हटलं की तोंड फिरवून बसायचा.

शेवटी त्याने एक संस्था शोधून काढली. “तिथे सगळी शांत असतात म्हणे,” तो बायकोला म्हणाला. “ताईलाही वळण लागेल.”

“शांत असतात की गप्प असतात, ते आधी बघू या,” बायको म्हणाली. ताईचं जेवण, औषध, वेणीफणी सगळं तिच्याच गळ्यात होतं. सुटका झाली असती तर तिचीच, तरीही ती असं बोलली.

भर दुपारी तिघं तिथे पोहोचली. ताईला त्याच दिवशी तिथे ठेवून यायचं ठरलं होतं. तिच्या कपड्यांची पिशवी भावाच्या हातात होती. फरशी चकचकीत, पडद्यांना इस्त्री. मोठ्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीत एक माणूस, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. कुणी खोकत नव्हतं, कुणी पाय हलवत नव्हतं. एवढी माणसं असून पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

“पाहुणे आलेत,” व्यवस्थापक बाई म्हणाल्या आणि सगळी खोली एकदम हसली. ओठ ताणले गेले, डोळे होते तसेच राहिले. मग, कुणी कळ फिरवावी तसं, सगळं हसू एकाच वेळी मावळलं.

“वा, शिस्त भारी आहे हो,” भाऊ म्हणाला. बोलायचं म्हणून त्याने जवळच्या पिकल्या केसांच्या माणसाला विचारलं, “काका, इथे बरं वाटतं ना?”

“हो.”

“घरी जावंसं वाटतं?”

“हो.”

“का इथेच राहायचं?”

“हो.”

तेच हसू, तोच सूर. भावाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“आम्ही कुणाला बोटही लावत नाही,” बाई अभिमानाने सांगत होत्या. “नाही म्हटलं की फक्त त्या माणसाकडे बघायचं नाही. बोलायचं नाही. तो आहे, हेच विसरायचं. थोड्या दिवसांत आपोआप सुधारतात!”

भावाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आईमागे त्याने घरात दुसरं काय केलं होतं?

तेवढ्यात चहा आला. “घ्या,” बाई म्हणाल्या आणि सगळे पेले एकाच वेळी ओठांना लागले. पिकल्या केसांच्या काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओठ लालबुंद झाले, तरी ते घोटामागून घोट घेत होते, आणि हसत होते!

“काका, गरम आहे का?”

“हो.”

“अहो, मग थांबा ना!”

“हो,” म्हणाले आणि पुढचा घोट घेतला.

“नाही!” ताई ओरडली. तिने आपला पेला खाली आपटला. “नाही! पोळतं!”

आणि भिंतीलगतची सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली. हसू गेलं होतं. कुणीतरी ओठ हलवून तो शब्द चाचपून पाहत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

“ही सवय जाईल हं, काळजी करू नका,” बाई म्हणाल्या. “यांना काय कळतंय? आपणच ठरवायचं.”

“ठरवावं लागतं, बाई. मी रोज ठरवते,” बायको म्हणाली. “औषध नको म्हणाली तरी देते. पण त्यासाठी तिची समजूत काढते, भांडते, कधी हरतेही. तुम्ही तर यांचा नकारच मारून टाकलात! उद्या कुणी यांच्या अंगाला नको तसा हात लावला, तर ही माणसं काय म्हणतील?”

भाऊ अगदी हळू बोलला. “हो म्हणतील.”

पिशवी खाली ठेवून तो काकांसमोर गुडघ्यांवर बसला. “काका, माझ्याकडे बघा. नको असेल तर खाली ठेवा. मी इथेच आहे. तोंड फिरवणार नाही.”

काकांनी बाईंकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. कितीतरी वेळाने पेला फरशीवर टेकला. मग शेजारचा टेकला. मग पलीकडचा. एकेक पेला टेकल्याचा आवाज भिंतीलगत पुढे पुढे सरकत गेला, आणि बाई डोक्याला हात लावून मटकन खाली बसल्या.

ताई घरी परतली, हे सांगायला नकोच. पण भाऊ तेवढ्यावर थांबला नाही. तिथल्या एकेका माणसाच्या घरी जाऊन त्याने ती दुपार सांगितली. काहींनी दार लावून घेतलं, काहीजण आपलं माणूस परत आणायला त्याच्याबरोबर निघाले.

लोकहो, आपल्या माणसाला सांभाळणं म्हणजे त्याला मुका करणं नव्हे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’वर विश्वास ठेवू नका. त्याच्या तोंडाकडे बघा, पोळलंय का ते बघा!