चावीची जागा

गाडीची चावी लक्ष्मम्मा घरात ठेवूच देत नसे. उन्हाळा असो की पाऊस, चावी बाहेर, गाडीला खेटून असलेल्या खांबाच्या खिळ्याला. चोराचं काय, असं कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "चोरानं नेलेली परवडली. भिंतीखाली गेली तर काय करायचं?"

त्र्याण्णवच्या भूकंपात ती दहा वर्षांची होती. आईला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, वडलांची जीप अंगणात धडधाकट उभी होती, आणि जीपची चावी मात्र भिंतीतल्या देवळीसकट मातीत गडप. शेवटी बैलगाडी जुंपली. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आई गेली. त्या दिवसापासून लक्ष्मम्माचं आणि घरातल्या चावीचं वाकडं होतं.

आता ती चाळिशी ओलांडलेली, भूकंपानंतर वसवलेल्या गावात मेस चालवणारी बाई. लातूरला कोचिंगसाठी आलेल्या मुलींचं एक हॉस्टेल वीस किलोमीटरवर होतं. तिथल्या एकशेसाठ मुलींचं दुपारचं जेवण तिच्याकडे आलं होतं, पण फक्त आठ दिवस, बघण्यापुरतं. रेक्टर चंद्रप्रभाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक वाजता मुलींची टेस्ट असते. साडेबारा म्हणजे साडेबारा. एकदा जरी उशीर झाला तर नववा दिवस नाही." गावातल्या अकरा बाया उन्हातली रोजंदारी सोडून लक्ष्मम्माच्या भरवशावर चुलीपुढे बसल्या होत्या. सात दिवस निभावले. आज आठवा.

अकराला पिकअप भरला. वरण, भात, भरली वांगी, पोळ्यांच्या चार टोपल्या. पिकअप नांदेडच्या एका डॉक्टरकडून सहा महिन्यांपूर्वी जुना घेतलेला. डॉक्टर त्यातून अर्धापूरच्या केळीच्या बागेत ऐटीत फिरायचा. त्याची चावी म्हणजे नुसती काळी डबी. जवळ ठेवायची, दाराला हात लावला की दार उघडतं, आत बटण दाबलं की गाडी चालू. डॉक्टर म्हणाला होता, "एकदम सोपं आहे." शहाण्यांना सगळंच सोपं असतं.

लक्ष्मम्माने खिळ्यावरची डबी काढली, दाराला हात लावला. दार ढिम्म. डबीवरचा बारका दिवाही लागेना.

"सेल उतरला," नवरा वीरण्णा म्हणाला.

"मग ईश्वरप्पाचा टेम्पो आणा!"

"त्यो वऱ्हाड घेऊन उदगीरला गेलाय."

गावात तसला सेल मिळायचा नाही. डॉक्टरला फोन लावला तर तो ऑपरेशनमध्ये. सव्वाअकरा झाले. माल भरलेली, धडधाकट गाडी दारात उभी आणि चावीपायी सगळं अडलेलं. हे लक्ष्मम्माने एकदा पाहिलं होतं.

पोळ्या करणाऱ्या साखराबाईने तिच्या हातातून डबी ओढून घेतली, तंबाखूच्या डबीसारखी उलटीपालटी केली, आणि कडेच्या खाचेत नख घातलं. आतून लोखंडी पातं सरकलं.

"अगं अक्का, ह्याच्या पोटातच किल्ली हाय की!"

किल्लीने दार उघडलं, आणि गाडी जी बोंबलायला लागली! भोंगा काही केल्या थांबेना. या गावात मोठा आवाज झाला की लोक आधी घराबाहेर पळतात आणि मग कारण विचारतात. अख्खी गल्ली मोकळ्यात येऊन उभी राहिली.

लक्ष्मम्माने आत बसून बटण दाबलं. समोर इंग्रजी अक्षरं उमटली. वीरण्णाने वाचून सांगितलं, "चावी सापडत न्हाई म्हणून राहिलंय."

"हातात धरून बसलेय की मुडद्या!" ती गाडीवर खेकसली.

वीरण्णाला सुचलं, आपल्या वडलांच्या कानातल्या मशीनचा सेल घालून बघू. ओट्यावर बसलेल्या महादेवप्पांच्या कानातून मशीन निघालं, पण त्यातला सेल हरभऱ्याच्या डाळीएवढा. डबीत तो खुळखुळला नुसता.

महादेवप्पांना आता काहीच ऐकू येईना. त्यांनी सुनेला हात केला, "काय झालंय? जवळ ये, कानाला तोंड लाव."

एवढ्या धांदलीतही ती सवयीने उतरली, त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मामा, चावी मेलीय!"

"हां, आता आलं ऐकू!"

लक्ष्मम्मा तशीच वाकलेली राहिली. मशीन बंद होतं, पण कान शाबूत होता, नुसतं जवळ जायचं होतं. हॉस्टेलच्या दारातल्या मुली तिला आठवल्या. गळ्यातलं कार्ड यंत्राला टेकवतात आणि दार उघडतं. त्या कार्डात कुठे सेल असतो?

ती धावत गाडीत चढली. ब्रेकवर पाय दिला, डबी बटणाला अगदी टेकवली आणि डबीनेच बटण दाबलं.

भोंगा गप्प झाला. इंजिन घुरघुरलं. आणि अकरा बाया अशा ओरडल्या की भोंगा परवडला असता.

बारा वाजून बावीस मिनिटांनी पिकअप हॉस्टेलच्या दारात होता. चंद्रप्रभाबाईंनी घड्याळ पाहिलं, वांग्याचा घास घेतला आणि विचारलं, "उद्या काय भाजी?"

"मेथी," लक्ष्मम्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

जवळच्या घड्याळवाल्याने नवा सेल घातला. "चावी गाडीजवळच ठेवता का?" तो म्हणाला. "तशी ठेवली तर दोघींचं बोलणं थांबत नाही, सेल लवकर संपतो. घरात ठेवत जा."

गावात आल्यावर वीरण्णा हळूच म्हणाला, "राहू दे खांबालाच. मी महिन्याला सेल आणीन."

"हातोडा आणा," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने खिळा धरला. पहिला घाव घातला, खिळा वाकला. दुसराही वाकला. भूकंपानंतर सळया घालून बांधलेली ती भिंत खिळ्याला दाद देईना. लक्ष्मम्माला हसू फुटलं. तिने भिंतीवर तळहात टेकला, जोराने दाबून पाहिला.

"बगा की," ती म्हणाली, "किती टणक हाय!"

तिसरा खिळा बसला. तिने त्याला चावी अडकवली आणि मेथी निवडायला बसली.