गाडीचा सोमवार

आमची गाडी मंगळवारपासून रविवारपर्यंत गुणी असते. किल्ली फिरवली की सुरू. फक्त सोमवारी सकाळी तिच्या अंगात येतं. सेल्फ मारला की ती खर्रर्र, खर्र, ख... असा काही सूर लावते, की तिसऱ्या मजल्यावर पोळ्या लाटताना मला कळतं: नवऱ्याला आज कंपनीत उशीर होणार आणि त्याचं खापर माझ्या माहेरावर फुटणार.

माहेर निफाडच्या अलीकडे, बागायतीत. आई गेल्यापासून तिथे आबा एकटे असतात. द्राक्षबाग सोडून ते आमच्याकडे शहरात, पाथर्डी फाट्याला येऊन राहणार नाहीत, हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही. त्याऐवजी दर रविवारी आम्ही जातो. म्हणजे गाडी बिघडते ती माझ्या माहेराहून आल्यावर, हे शेखरच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

"तिला तुझं माहेर सोसत नाही," तो म्हणाला.

"तुला सोसतं ना? दोन वाट्या शिकरण सोसली काल."

शेखर अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. चांगला माणूस आहे, पण एखादी गोष्ट बिघडली की त्याच्या चेहऱ्यावर तेज येतं. पोळी करपली तर तो आधी तवा बघतो, मग गॅस, आणि शेवटी पोळी खातो. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. कुठल्याही बिघाडाला पाच वेळा 'का?' विचारायचं, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. लग्नानंतर ही पद्धत त्याने माझ्या रागावरही वापरून पाहिली होती. दुसऱ्याच 'का'ला मी खोलीतून उठून गेले. तेव्हापासून तो यंत्रांनाच विचारतो.

पहिला संशय थंडीवर. जानेवारी होता, निफाडचा पारा घसरल्याची बातमी नेहमीप्रमाणे पेपरात आली होती. शेखरने ती मला मोठ्याने वाचून दाखवली, जणू माझ्या भावकीतल्या कुणाला पोलिसांनी धरलं होतं. मग रविवारी परत आल्यावर तो बॉनेटवर गोधडी घालायला लागला. आईने शिवलेली गोधडी. मी खाली जाऊन ती काढून आणली आणि गाडीला एक जुनी चादर दिली. फेब्रुवारी आला, दुपारी पंखे लागले, थंडी गेली. सोमवारचं रडगाणं काही गेलं नाही.

मग गाडी इसाकभाईंकडे गेली. त्यांचं गॅरेज द्वारका चौकाच्या पुढे आहे आणि त्यांना बाकी सगळ्यांपासून सुट्टी मिळते, शेखरच्या प्रश्नांपासून तेवढी मिळत नाही. शेखर मंगळवारी गेला. मंगळवारी गाडी शहाण्यासारखी पहिल्या सेल्फला सुरू झाली. इसाकभाईंनी सेल्फ बघितला, बॅटरीला मीटर लावलं, वायरी हलवून पाहिल्या.

"साहेब, बॅटरी जरा जुनी हाय, पण मरायला टेकलेली नाय. चार्जिंग पण बरोबर होतंय," ते म्हणाले. "रात्रीतून कुठंतरी करंट पितेय गाडी. पण आत्ता तर काय पीत नाय."

"सोमवारी पिते," शेखर म्हणाला.

"मग सोमवारी आणा."

"सोमवारी ती सुरूच होत नाही."

यावर इसाकभाईंनी चहा मागवला.

इथपर्यंत मला मजा येत होती. पुढच्या सोमवारी मात्र शेजारच्या दोघांनी धक्का मारूनही गाडी फाटकापर्यंतच गेली, आणि शेखर रिक्षाने कंपनीत गेला. संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला, "विकून टाकू ही. मला कंपनीची बस आहे. उगाच कशाला सांभाळायची?"

"आणि रविवार?"

"एसटीने जाऊ ना. महिन्यातून एकदा."

महिन्यातून एकदा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. एखाद्या महिन्यात लग्न निघतं, एखाद्यात कुणाला ताप येतो, आणि मग दिवाळीला आपण म्हणतो, अरे, किती दिवस झाले. त्यात आबांनीच भर घातली. ते दर सोमवारी सकाळी फोन करायचे, "झाली का गाडी चालू?" म्हणून. त्या दिवशी मी खरं ते सांगून बसले, तर ते म्हणाले, "पोरी, दर आठवड्याला नका येत जाऊ. गाडीला तरास. माझं काय, मी हाय बरा." आबा बरे नसले की असंच म्हणतात. फोन ठेवला आणि मला रडू आलं. गाडीचा राग आला, शेखरचा आला, आणि आबांचा सगळ्यात जास्त आला.

तरी पुढच्या रविवारी गेलो. हंगाम भरात होता. आबांनी पहाटेच बागेत शिरून स्वतःच्या हाताने द्राक्षं काढून ठेवली होती. निघताना त्यांनी डिकी भरली. डिकी आबाच भरतात, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. द्राक्षांचे क्रेट, कांद्याची गोणी, शेवगा, फ्लॉवर, वर मेथीच्या जुड्या. झाकण बसेना तेव्हा ते त्यावर दोन्ही तळहात ठेवून रेलले. खट् वाजलं. "बसलं," आबा म्हणाले.

घरी आल्यावर आम्ही रात्रीपुरती भाजी वर नेली. बाकीचं खालीच राहतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि क्रेट सोमवारी शेखरच्या विभागातच जायचे असतात. भाजीसाठी उघडलेलं झाकण आम्ही दोघांनी रेलून पुन्हा लावलं. खट्.

मेथी निवडत होते, तेवढ्यात लाईट गेली. आख्ख्या सोसायटीत अंधार. हवा यावी म्हणून गॅलरीत उभी राहिले, तर खाली आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला, झाकणाच्या फटीतून, पिवळ्या उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती.

मी शेखरला हाक मारली. खरं तर तोंड मिटून उभं राहावं असंही क्षणभर वाटलं, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं. पण हाक निघून गेली होती.

शेखर मोबाईलच्या उजेडात जिने उतरत गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ते तेज होतं. श्वास लागलेला, तरी जिन्यातच सुरू झाला.

"बॅटरी का उतरते? डिकीतला दिवा रात्रभर जळतो म्हणून. का जळतो? झाकण पूर्ण बसत नाही म्हणून. त्याला दोन खटके आहेत पूजा, आपलं पहिल्यावरच अडकतं. वरवर बंद दिसतं. मंगळवारी डिकी रिकामी, झाकण नीट बसतं, म्हणून इसाकभाईंना काही सापडलं नाही. रविवारी का बसत नाही? सामान जास्त म्हणून."

"अभिनंदन," मी म्हणाले.

"सामान जास्त का? आबा देतात म्हणून." त्याने चार बोटं मिटली होती, अंगठा तेवढा उभा होता. "सोपं आहे. आबांना सांगायचं, डिकी अर्धीच भरा."

"मी नाही सांगणार."

"मी सांगतो. त्यात काय एवढं?"

"सांग. आणि तुझा पाचवा 'का' राहिलाय. तोही त्यांनाच विचार, ते एवढं का देतात."

लाईट आली. शेखरने अंगठ्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि आत गेला. मी मेथी निवडली, निम्मी काडीसकट.

तो आठवडा आम्ही एकमेकांशी मीठ-तिखटापुरतं बोललो. गाडी विकायची गोष्ट निघाली नाही, पण मिटलीही नव्हती. रविवारी वाटेतली चांदोरी मागे पडली तेव्हा मी विचारलं, "सांगणार आहेस?" शेखर म्हणाला, "बघू." शेखर कधीच बघू म्हणत नाही. त्याला सगळं आधी ठरवून हवं असतं.

आबा फाटकाशीच उभे होते. येऊ नका म्हणणारा माणूस इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. जेवणं झाली. मी भांडी घासत होते, तेव्हा अंगणातून आबांचा आवाज आला. "हे तुमच्या सायेबांना, शेखरराव. हे वाचमनला. त्या गॅरेजवाल्याला बी द्या, बिचारा लय तपासतो. कोन काय म्हनलं द्राक्षांला, ते मला फोनवर सांगा."

मी हात तसेच ओले ठेवून दारात आले. शेखर उघड्या डिकीत डोकं घालून वाकला होता. आता सांगणार, असं वाटून मी उंबऱ्यातच थांबले.

"आबा," तो म्हणाला, "डिकीतला दिवा खराब झालाय. काढून टाकतो." आणि त्याने तो बोटाने उपटून खिशात टाकला.

"मंग अंधारात काय दिसंल तुमाला?"

"हाताला लागतं सगळं."

त्यानंतर त्याने डिकीतली हत्यारांची पिशवी आणि पाण्याचा कॅन काढून पुढे, माझ्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत ठेवला. "इथे अजून एक क्रेट बसेल, आबा. बघा बरं."

आबांनी मान तिरकी करून जागा पाहिली. मग ते बागेकडे इतक्या भराभर निघाले, की मला ओरडून सांगावं लागलं, आबा, सावकाश.

सोमवारी पोळपाट बाजूला सारून मी गॅलरीत उभी राहिले. डिकीचं झाकण काही पूर्ण बसलेलं नव्हतं, आबांनी सुतळीने बांधलेलं तसंच होतं. शेखरने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, अगदी मंगळवारसारखी. त्याने वर पाहिलं नाही, पण हॉर्न वाजवला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी आपटली.

तेवढ्यात फोन वाजला. "झाली का चालू?"

"एका सेल्फला, आबा."

"काय झालं व्हतं तिला?"

"करंट पीत होती रात्रीची. शेखरने शोधून काढलं."

"हुशारच हायेत ते. मंग रविवारी... न्हाई, तुमाला काम असलं तर ऱ्हाऊ द्या."

शेखर जेवणाचा डबा विसरला होता, तो घ्यायला धापा टाकत वर आला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"आबा, येतोय आम्ही," तो म्हणाला. "आणि एक सांगायचं राहिलं. मागची सीट रिकामीच असते आपली."