कापशाचे तीन ठिपके

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी त्या दिवशी छापखान्यात मी जो तमाशा केला, तो आठवला की आजही कान पकडावेसे वाटतात.

पुस्तक माझं पहिलंच. झोपताना मुलांना वाचून दाखवायचं, चित्रांचं. बर्फात जन्मलेलं सीलचं एक पिल्लू, नाव कापशा. आई मासे खायला पाण्यात जाते, परत येऊन हाका मारत सगळा बर्फ पालथा घालते आणि शेवटच्या पानावर तो सापडतो. आता पांढऱ्या बर्फावर पांढरा कापशा काढायचा कसा? मी दोन डोळे आणि एक नाक काढलं. तीन काळे ठिपके, बाकी नुसता कागद. स्वतःच्याच हुशारीवर खूश होते मी.

छापण्याआधी चित्रांवरची धूळ, केस, डाग कॉम्प्युटरवर साफ करायचं काम एका चष्मेवाल्या गृहस्थांचं होतं. सगळे त्यांना पुसकेभाऊ म्हणत.

हजार ताव छापून झाले. मी बघायला गेले, तर मशीनवाले काका डोकं खाजवत उभे.

"ताई, ही आई बोलतेय कोणाशी? समोर तर कोणीच नाही."

मी वाकून पाहिलं. आई म्हणतेय, 'सापडलास रे माझ्या राजा!' आणि समोर कोरा बर्फ. पुसकेभाऊंनी तिन्ही ठिपके धूळ समजून पुसून टाकले होते!

झालं! माझी तार सटकली. "अहो, तुम्हाला आहेत तसे त्यालाही दोन डोळे होते!" अख्खा छापखाना ऐकत होता. मालक धावत आले. पुस्तकं उद्या शाळांना पोचवायची होती आणि पुन्हा छापायला कागद नव्हता. "उद्यापासून तुम्ही घरी बसा," ते पुसकेभाऊंना म्हणाले. पुसकेभाऊ मान खाली घालून एवढंच बोलले, "चूक माझीच आहे."

तेवढ्यात काकांनी मला हाताला धरून पुसकेभाऊंच्या टेबलापाशी नेलं. नमुन्याच्या तावावर धुळीचे डाग दिसले म्हणून मी पाठवलेली चिठ्ठी तिथे चिकटवलेली होती. माझंच अक्षर, माझंच लाल पेन: 'बर्फावर काळा ठिपका दिसता कामा नये. एकसुद्धा!'

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिठ्ठी उपटून मी मालकांपुढे धरली. "घरी बसवायचं तर मला बसवा!"

"तुम्ही घरी बसूनच काम करता, ताई," मालक म्हणाले, आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

"तावांना अजून घडी घातलेली नाही," पुसकेभाऊ चाचरत म्हणाले. "पेनानं ठिपके दिले तर?"

हजार ताव, तीन हजार ठिपके. बाइंडिंगच्या बायका बसल्या, काका बसले, बाह्या सरसावून मालकही बसले. मालकांचे सगळे कापशे तिरळे निघाले. संध्याकाळपर्यंत बोटं आखडली, पण एकही कापशा हरवलेला राहिला नाही. त्या माणसांचे उपकार मी कधी फेडणार, देव जाणे.

निघताना मी पुसकेभाऊंना विचारलं, "चिठ्ठी दाखवली का नाहीत हो?"

"पहिलं पुस्तक ना तुमचं, ताई? चुकीला माझं नाव लागलं तर चालतं. पुस्तकाला तुमचं लागायचं होतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी बांधून झालेली पहिली प्रत मी पुसकेभाऊंच्या छोट्या लेकीसाठी मागून घेतली. शेवटच्या पानावर, त्याच लाल पेनानं लिहिलं, 'याचे डोळे तुझ्या बाबांनी काढले. म्हणून हा आईला सापडला.'

पुसकेभाऊंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.