शिटी न देता सटकलेला गार्ड

पासष्टाव्या वर्षी मला बालवाडीत बसावं लागलं आणि तिथेही मी नापास व्हायच्या बेतात होतो.

माझं नाव महादेवराव. बडनेऱ्याला रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. बायको, पार्बती, जूनमध्ये गेली. आता घरात मी, सून रागिणी आणि चार वर्षांची नात आकांक्षा, म्हणजे आमची आकू. मुलगा किशोर तेल्हाऱ्याला नोकरीला आहे, तो महिन्यातून एकदा येतो. रागिणी अकोल्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. सकाळच्या गाडीने जाते आणि दिवे लागायच्या वेळी परत येते. आकूला पार्बती सांभाळायची. पार्बती गेल्यावर आम्ही आकूला बालवाडीत घातलं. तिला पोचवायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, बत्तीस वर्षं चाळीस-चाळीस डबे पोचवले, ही तर एकच पोरगी आहे.

पोरगी मला सोडेना. मी संडासात गेलो तरी दाराबाहेर बसायची.

"आबाजी, हाये ना?"

"हाये."

पाणी ओतायला घेतलं की पुन्हा, "आबाजी, हाये ना?" ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेजारच्या शेषरावांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "महादेवराव, आतमंधी हजेरी चालू हाये काय?"

बालवाडीत मी एक युक्ती काढली होती. भिंतीवर पोपट रंगवलेला होता. "तो पाह्य पोपट," म्हणायचं, तिने मान वळवली की सटकायचं. पहिल्या आठवड्यात मी या युक्तीवर खूश होतो. दुसऱ्या आठवड्यात तिने पोपटाकडे पाहणंच बंद केलं. मग मी माकड काढलं, मग विमान. माझ्या मागे ती तासभर किंचाळायची, ताटली फेकायची. एका मुलीच्या दंडाला चावली. मला हे काहीच माहीत नव्हतं, कारण मी तोवर चौकात चहा पीत असायचो.

रागिणीला मात्र बालवाडीतून फोन जायचे. दसऱ्याच्या दिवशी ती मला म्हणाली, "मामाजी, दिवाळीपर्यंत पाह्यतो. पोरगी बसली तं ठीक. नाई तं मी राजीनामा टाकून देतो." ही नोकरी तिला तीन वर्षं वाट पाहून मिळाली होती. अर्ज लिहून तिने टीव्हीखाली ठेवलासुद्धा. मी तो चोरून वाचला. अक्षर चांगलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बालवाडीच्या चंदाताईंनी मला आत बसवून घेतलं. "काकाजी, चार दिवस पोरायसंग बसा. तिले पाहा. सोताले बी पाहा."

मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. तिथली पद्धत अशी की सगळ्यांच्या ताटलीत उसळ पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझ्या ताटलीत पडली तशी मी खायला लागलो. वीस पोरं माझ्याकडे बघत बसली. एकीने ताईंना सांगितलं, "हे आबाजी थांबून नाई राहिले."

"शिकतीन," ताई म्हणाल्या. "नवीन हायेत."

सकाळी एक तक्ता असायचा. हसरा, रडका, रागावलेला आणि घाबरलेला असे चार चेहरे. प्रत्येकाने आज आपला कोणता ते बोटाने दाखवायचं. दाखवलं की ताई म्हणायच्या, "बरं. राग आला तं आला. आता रागाचं काय करायचं?" मग ते पोर पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचं, नाहीतर कोपऱ्यातली उशी बडवायचं. माझ्या लहानपणी रागाचं काय करायचं ते वडील ठरवायचे.

माझी पाळी आली. मी हसऱ्यावर बोट ठेवलं.

"खोटं," आकू म्हणाली.

"खोटं," मागून अजून तीन-चार जणांनी दुजोरा दिला. त्यांची माझी ओळख दोन दिवसांची.

चौथ्या दिवशी पोरं खेळायला बाहेर गेली. आकू दारात माझ्याकडे तोंड करून बसली होती. चंदाताई माझ्याजवळ येऊन खाली बसल्या.

"काकाजी, तुमी रोज पळून काहून जाता?"

"पळून नाई जात. ती रडते म्हनून हळूच निघतो."

"मंग नाई रडत का?"

"मी असेपर्यंत नाई रडत."

"तुमाले आयकू येत नाई, येवढंच." मग त्या म्हणाल्या, "तुमी तं गार्ड होते ना? शिटी न मारता गाडी सोडत होते?"

"सस्पेंड केलं असतं मले."

"मंग? तुमी कवा जासान हे तिले ठाऊक नसते, म्हनून ती दिवसभर तुमच्यावर नजर ठेवून राह्यते. नजर ठेवनाऱ्या लेकरानं खेळावं कवा अन् शिकावं कवा?" त्यांनी विचारलं, "तिची आजी कोठी गेली म्हनून सांगतलं तिले?"

"पातूरले. माहेरी."

चंदाताई दारातल्या आकूकडे पाहू लागल्या. मीच हिशोब करू लागलो. आजी न सांगता गेली आणि आली नाही. आबाजीही रोज न सांगता जातो.

पातूर मीच काढलं होतं. तेराव्याच्या दिवशी आकूने विचारलं आणि माझ्या तोंडातून ते निघून गेलं. एकदा आजीला पातूरला पाठवलं की तिला तिथे काही काम द्यावं लागतं. चार महिन्यांत मी पार्बतीच्या भावाच्या घरी दोन लग्नं लावली, एक बारसं केलं, छत गळायला लावलं आणि शेवटी एक गाय विकत घेतली. ती गाय आजीशिवाय कोणाला दूध देत नव्हती. आकूला त्या गायीचं फार कौतुक.

सटकायची सवय मला जुनीच. दवाखान्यात शेवटच्या दिवशी पार्बतीने विचारलं होतं, "डाक्टर काय म्हनते?" मी म्हणालो, "उद्या सुट्टी देतो म्हनते." आणि औषध आणायच्या निमित्ताने खाली उतरलो. औषध आणायचं नव्हतंच. वर आलो तेव्हा पडदा ओढलेला होता. तिला ते खरं वाटलं होतं की नाही, हे मला कधी कळणार नाही.

मी रागिणीला म्हटलं, आकूला सांगायला पाहिजे. ती कणीक मळत होती. "सांगा," ती म्हणाली. "पातूर तुमीच काढलं होतं." पण रविवारी दुपारी मी आकूला समोर बसवलं तेव्हा रागिणी आपणहून येऊन माझ्या बाजूला बसली.

"आकू, आजी पातूरले नाई गेली. आजी मेली. ती आता येत नाई."

आकूने विचार केला. "गाय?"

"गाय बी नाई."

"गाय हाये! तुमी म्हनलं होतं!"

तिने हातातला डबा फेकला. तो माझ्या गुडघ्यावर लागला. 'बरं बरं, गाय हाये' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मोठ्या मुश्किलीने गिळले. "राग आला ना?" मी म्हणालो. "येऊ दे. मले मारू नको, उशी मार." तिने उशी मारली. कापूस निघेपर्यंत मारली. मग रडली. रागिणीही रडायला लागली. मी छताकडे पाहत बसलो. मोठ्या माणसाने काय करायचं ते तक्त्यावर नव्हतं.

बऱ्याच वेळाने आकू म्हणाली, "फोन बी नाई लागत?"

"नाई."

"तुमी बी मरसान?"

"कवातरी. पन बालवाडीतून जातो तवा मी मरत नाई, चौकात चहा पेतो. आता सांगून जाईन. किती वाजता येतो तेबी सांगीन."

सोमवारी बालवाडीच्या दारात मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "आकू, मी आता जातो. उसळ खाऊन झाली की बारा वाजता येतो." तिने माझ्या पॅंटचा पाय धरला. भोंगा सुरू झाला. नजर नकळत पोपटाकडे गेली. चंदाताई म्हणाल्या, "काकाजी, पोपट नाई." त्यांनी आकूची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला कडेवर घेतलं. ती माझ्याकडे तोंड करून रडत होती आणि मला तिच्या देखत जायचं होतं. फाटक पंधरा पावलांवर होतं. मी दोनदा मागे पाहून हात हलवला. चहा प्यावासा वाटला नाही. पायांना दुसरा रस्ता माहीत नाही म्हणून स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो.

बारा वाजता फाटकात हजर होतो. माझ्या नोकरीत एकही मालगाडी वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही.

आकू बाहेर आली. फ्रॉकवर उसळ सांडलेली होती. डोळे सुजलेले.

"मी दोनदा रडली," ती म्हणाली. "मंग ताईनं मले घंटी वाजवाले देल्ली. तुमी रडले?"

"मी कायले रडतो?" सवयीने निघून गेलं. ती चालायची थांबली. मी म्हणालो, "रडलो. एकदा. टेसनावर."

"काहून?"

"आजीची आठवन आली."

"मले बी," म्हणून तिने दप्तर माझ्याकडे दिलं.

रस्त्यातूनच मी अकोल्याला फोन लावला. "रागिणी, बसली बरं पोरगी. बारा वाजेपर्यंत."

ती म्हणाली, "मामाजी, खरं सांगून राहिले ना?"

माझा चार महिन्यांचा कारभार पाहता विचारणं रास्त होतं. मी फोन आकूच्या कानाला लावला.

"दोनदा रडली," आकू म्हणाली. "आबाजी एकदा."