चष्म्याविना चार महिने

इताउग्वा गावात रस्त्याकडेच्या बऱ्याच ओसऱ्यांवर बायका लेस विणत बसलेल्या दिसतात. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर सुईने कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी गुंफायची आणि शेवटी खालचं कापड कापून टाकायचं. देओलिंदाच्या ओसरीवर तिघी बसत: ती स्वतः, तिची विधवा नणंद बासिलिसा आणि शेजारची निमिया. देओलिंदाला एकसष्टावं चालू होतं आणि दहा वर्षांपासून चष्म्याशिवाय तिला सुईचं नेढंही दिसत नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी चष्मा कुठे ठेवला ते तिला आठवेना. शोधायचा कंटाळा आला म्हणून तिने सहज सुई हातात घेतली, तर दोरा पहिल्याच खेपेला आत गेला. दुसऱ्या दिवशी चष्मा सापडला, पण तो लावल्यावर उलट अंधुकच दिसायला लागलं. निमियाने हातातलं काम खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली आणि ही गावच्या चर्चमधल्या जपमाळेच्या माउलीची कृपा असल्याचं जाहीर करून टाकलं. देओलिंदाही तिथल्या तिथे नवस बोलली: ऑक्टोबरच्या उत्सवाआधी माउलीच्या वेदीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लेस.

बातमी गावभर झाली. बायका आपल्या सुया घेऊन येत आणि देओलिंदाकडून दोरा ओवून नेत. जन्मात कधी कुणी तिच्याबद्दल दोन वाक्यं बोललं नव्हतं. तिला हे आवडलं, आणि त्यात काही वावगंही नव्हतं.

दहा वाजले की तेरेरे व्हायचं. शिंगाच्या पेल्यात पाल्याचा चुरा, त्यावर बर्फाचं पाणी, आणि एकच नळी सगळ्यांत फिरायची. ओतायचं काम बासिलिसाचं. ज्याचं पोट भरलं त्याने 'ग्रासिआस' म्हणायचं, मग पेला त्याला वगळून पुढे जातो. तोवर आभार मानायचेच नाहीत. देओलिंदा वर्षानुवर्षं चौथ्या फेरीला 'ग्रासिआस' म्हणत आली होती. आता ती म्हणेचना. निमिया थांबे, बासिलिसा थांबे आणि देओलिंदाचा हात पुढेच असे. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, सगळा देश घटाघटा पाणी पीत होता. कुणाला त्यात काय दिसणार? पण ओतणाऱ्याच्या हाताला हिशेब राहतो. शिवाय मे महिन्यात, तिकडची थंडी सुरू होताना, दक्षिणेचं गार वारं सुटलं, दोघी तोच पाला गरम पाण्यात घालून माते प्यायला लागल्या, तरी देओलिंदा आपली बर्फच मागत होती.

शेवटी एकदा निमिया घरी गेलेली बघून बासिलिसाने विषय काढला.

"वहिनी, तू हल्ली थांबतच नाहीस."

"तुझ्या हाताला चव आहे म्हणून."

"चाळीस वर्षं हाच हात आहे. माझ्या आईचं असंच झालं होतं, तू पाहिलंयस. दवाखान्यात बोट टोचून घे."

देओलिंदा चिडली. मला काय धाड भरलीय, डोळे तर विशीतले झालेत, असं म्हणून ती आत निघून गेली. पण चिडण्याचं खरं कारण तिला ठाऊक होतं. हे दुखणं निघालं तर कृपेचं काय? आणि ज्यांना दोरे ओवून दिले, त्यांना तोंड कसं दाखवायचं?

दुपारी ती आडवी पडली, पण झोप येईना. मग सुटलेली गाठ शोधताना लेस बोटाखालून सरकवतात, तशी ती आपल्या अंगावरून मनाने फिरली. पहाटे जीभ टाळूला चिकटते. घागऱ्याला कमरेशी पिन लावावी लागते, आणि तीही दोनदा आत सरकवून झाली. रात्रीतून तीनदा उठणं होतं. समोरच्या रस्त्याने पाद्री हात करून गेले तरी ते पाद्री आहेत हे तिला निमियाकडून कळलं होतं. यातलं एकही तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. प्रत्येकाला तिने वेगळं कारण देऊन वाटेला लावलं होतं: ऊन, वय, निमियाचं खारट चीज. सगळी लक्षणं एका रांगेत मात्र तिने आजच उभी केली.

दुसऱ्या दिवशी ती उपाशीपोटी बासिलिसाबरोबर दवाखान्यात गेली. साखर भलतीच वाढलेली निघाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं की साखरेने डोळ्याचं भिंग फुगतं. जवळचं दिसायला लागतं आणि लांबचं जातं. साखर उतरली की चष्मा परत येईल. वेळेवर आलात, असंही त्या म्हणाल्या.

देओलिंदाने एवढंच विचारलं, "विणता येईल ना मला?"

"येईल की, आजी. चष्मा लावून."

गोळ्या सुरू झाल्या, पेरूचा मुरंबा बंद झाला, आणि संध्याकाळी दोघी नणंदा-भावजया दफनभूमीपर्यंत चालून यायला लागल्या. जून सरता सरता एका सकाळी दोरा सुईच्या बाजूने गेला. पुन्हा गेला. देओलिंदाने सुई खाली ठेवली आणि उठून चष्मा आणला. मग तिने निमियाला सगळं स्वतःहून सांगितलं.

निमियाला ते पचेना. "म्हणजे माउलीने तुला फसवलं म्हणायचं?"

"माउलीला कशाला ओढतेस? अंग चार-पाच गोष्टी सांगत होतं. मला आवडली तेवढी एक मी ऐकली."

"आणि नवस?"

"नवस डोळ्यांसाठी बोलले होते. डोळे आहेत की अजून."

निमियाने यावर दोन दिवस तोंड फुगवलं, आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं की ते बोट टोचणं फार दुखतं का.

लेस अर्धीच झाली होती. उरलेली पेरूच्या फुलांची नक्षी देओलिंदाने चष्मा लावून विणली आणि उत्सवाच्या आदल्या दिवशी वेदीवर चढवली. उत्सवात ती मुद्दाम शेवटच्या बाकावर बसली. तिथून दोन्ही टोकं स्वच्छ दिसत होती, पाद्रींचं दाढी करताना कापलेलं गालफडसुद्धा. लोक म्हणाले, सगळी लेस एका हातची, एकसारखी. ते काही खरं नव्हतं. कृपेच्या दिवसांतली फुलं जरा सैल पडली होती. चष्म्यातली घट्ट होती, आणि तिला ती जास्त आवडली.